समितीवर नेमणूक झाली, आता पुढे काय? अभियांत्रिकी उद्योग संघटनेतल्या वर्षभराच्या कामाची ओळख

कंपनीकडून पत्र गेलं, संघटनेकडून होकार आला आणि तुमचं नाव तांत्रिक समितीच्या यादीत चढलं. किंवा तुम्ही संघटनेच्या सचिवालयात नुकतेच रुजू झालात आणि पहिल्याच आठवड्यात दोन समित्यांचं सदस्य-सचिवपद तुमच्या गळ्यात पडलं. पहिल्या बैठकीत दोघांची अवस्था सारखीच होते. बाकी सगळे एकमेकांना ओळखतात, मागच्या तीन वर्षांचे संदर्भ गृहीत धरून बोलतात, आणि बैठक संपल्यावर नेमकं काय ठरलं हे विचारायचा धीर होत नाही.

यंत्रं, पंप, बॉयलर, सुटे भाग, विद्युत उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांची संघटना साधारण पाच कामं करते: सरकारपुढे उद्योगाची बाजू मांडणं, मानकं घडवण्यात भाग घेणं, आकडेवारी गोळा करणं, प्रदर्शनं भरवणं आणि प्रशिक्षण. सगळी कामं समित्यांमार्फत चालतात. समित्यांवरची माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून येतात, आणि त्यांनी ठरवलेलं प्रत्यक्षात उतरवायला सचिवालयात मोजकी माणसं असतात. पैसे एक वेळ वाढीव वर्गणीतून किंवा प्रायोजकांकडून उभे राहतात, या मोजक्या माणसांचे दिवस वाढत नाहीत. म्हणून वार्षिक नियोजन म्हणजे मुळात या दिवसांची वाटणी, असं मी मानतो. बहुतेक संघटनांत ते तसं होत नाही. प्रत्येक समिती आपली यादी देते, याद्या जोडून आराखडा तयार होतो, कार्यकारिणी त्याला मंजुरी देते आणि सहा महिन्यांत निम्मे विषय भिजत पडतात.

पहिली पायरी: घटना वाचा

संघटनेची घटना आणि उपविधी कंटाळवाणे असतात, पण एका संध्याकाळी वाचून होतात. सगळं लक्षात ठेवायची गरज नाही. एवढं टिपून घ्या: आर्थिक वर्ष कधी सुरू होतं, वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस किती दिवस आधी जावी लागते, कोरम म्हणजे किमान उपस्थिती किती, समिती नेमण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे की कार्यकारिणीला, स्वीकृत सदस्य घेता येतात का, आणि संघटनेच्या नावाने सरकारला पत्र पाठवण्याचा अधिकार कोणाचा. शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त घोडं अडतं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

सभानियमांबद्दल अनेक अभियंत्यांना नावड असते. त्यांच्यासाठी एक गंमत. अमेरिकेत आजही सर्वाधिक वापरले जाणारे सभानियम हेन्री मार्टिन रॉबर्ट या लष्करी अभियंत्याने लिहिले. एका सभेचं अध्यक्षपद अचानक त्यांच्याकडे आलं, सभा हाताबाहेर गेली आणि ती कशी चालवायची हे आपल्याला ठाऊक नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांची नियमपुस्तिका १८७६ मध्ये छापून आली.

दुसरी पायरी: आधी तारखा मांडा, विषय नंतर

नवी माणसं नियोजनाला बसली की आधी विषयांची यादी करतात. उलट करा. मोठा कागद घेऊन त्यावर तुमच्या हातात नसलेल्या तारखा आधी भरा.

घटनेतून येणाऱ्या तारखा सोप्या: लेखापरीक्षण, सर्वसाधारण सभा, निवडणूक. सदस्य कंपन्यांच्या तारखा त्यांना विचारून घ्या. वर्षअखेर, तिमाही बंद करण्याचे दिवस, देखभालीसाठी कारखाने बंद असतात ते आठवडे. या दिवसांत लावलेल्या बैठकीला कोणी येत नाही, आणि आलंच तर कंपनी बोलायला अधिकार नसलेल्या कनिष्ठाला पाठवते.

मग बाहेरच्या जगाच्या तारखा. मोठी प्रदर्शनं दरवर्षी नसतात. बांधकाम यंत्रांचं म्युनिकमधलं बाउमा दर तीन वर्षांनी भरतं, यंत्रहत्यारांचं एमो दोन वर्षांनी, शिकागोचं आयएमटीएस सम वर्षांत. तुमची संघटना अशा ठिकाणी सामूहिक दालन घेत असेल, किंवा तिचं स्वतःचं प्रदर्शन एका वर्षाआड असेल, तर प्रदर्शनाचं वर्ष आणि रिकामं वर्ष यांची अंदाजपत्रकं एकमेकांशेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. एकदा पैसा येतो आणि माणसं दमतात, दुसऱ्यांदा माणसं मोकळी असतात आणि तिजोरी आटलेली. लांबणीवर पडलेली तांत्रिक कामं रिकाम्या वर्षात घालावीत. नियोजनात हा साधा विचार फारसा दिसत नाही, कारण कार्यकारिणी एका वर्षापुरतंच बघते.

कायद्यांच्या तारखांवरून मागे मोजत यायचं. उदाहरणार्थ, युरोपीय संघाचा २०२३ चा यंत्रसामग्री नियम २० जानेवारी २०२७ पासून लागू, तोही २००६ च्या जुन्या निर्देशाच्या जागी. त्यात सॉफ्टवेअरमधल्या छेडछाडीपासून संरक्षण, यंत्रात मोठा फेरबदल करणाऱ्याची जबाबदारी, वापर-पुस्तिका डिजिटल रूपात देण्याची मुभा असे मुद्दे आहेत. युरोपला यंत्रं पाठवणाऱ्या सदस्यांना आराखडे आणि तांत्रिक दस्तऐवज बदलायला वर्षभर तरी लागणार. म्हणजे प्रशिक्षण २०२६ च्या सुरुवातीला उरकायला हवं, आणि त्याची तरतूद त्याच्याही आदल्या अंदाजपत्रकात. कायदा लागू व्हायच्या महिन्यात घेतलेलं चर्चासत्र तोंडदेखलं ठरतं.

तिसरी पायरी: मधल्या काळासाठी अधिकार देऊन ठेवा

ही पायरी बहुतेक मार्गदर्शकांत नसते. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

जागतिक व्यापार संघटनेच्या तांत्रिक अडथळ्यांविषयीच्या करारानुसार देश आपल्या प्रस्तावित तांत्रिक नियमांची सूचना इतर सदस्य देशांना देतात, आणि हरकतींसाठी साधारण ६० दिवस द्यावेत अशी शिफारस आहे. ६० दिवस भरपूर वाटतात. मोजून बघा. मसुदा हाती येऊन वाचायला आठवडा. सदस्यांना पाठवून मतं मागवायला तीन आठवडे, यापेक्षा कमी दिले तर उत्तरंच येत नाहीत. आलेली मतं एकत्र करून निवेदन लिहायला दीड आठवडा. इथे ३८ दिवस संपले. आता समितीची मंजुरी हवी, मग कार्यकारिणीची, मग अध्यक्षांची सही. समितीची बैठक तिमाहीतून एकदा असेल आणि मसुदा बैठकीच्या दुसऱ्या दिवशी आला असेल, तर पुढची बैठक नव्वदाव्या दिवशी. तोवर खिडकी बंद.

यावर तोडगा असा की वर्षाच्या पहिल्याच बैठकीत ठराव करून ठेवायचा: दोन बैठकांच्या मधे आलेल्या मसुद्यांवर निमंत्रक, सदस्य-सचिव आणि आणखी एक सदस्य मिळून संघटनेचं मत देऊ शकतील. ते आधीच्या ठरावांच्या चौकटीत असेल, सदस्यांत उघड मतभेद असलेल्या मुद्द्यावर नसेल आणि पुढच्या बैठकीत नोंदीसाठी ठेवलं जाईल. तिसरा सदस्य शक्यतो लहान कंपनीतला घ्या. या ठरावाला कार्यकारिणीची मंजुरी एकदाच घ्यावी लागते, आणि नंतर ऐनवेळी सहीसाठी अध्यक्षांचा प्रवास थांबण्याची वाट बघावी लागत नाही.

मानकांचंही असंच. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या मानकाचा मसुदा मतदानाला आला की देशांच्या मानक संस्थांना १२ आठवडे मिळतात. पण तुमची संघटना थेट मत देत नाही, तिचं म्हणणं देशाच्या मानक संस्थेच्या समितीमार्फत जातं आणि त्या संस्थेला स्वतःच्या प्रक्रियेसाठी त्यातलेच काही आठवडे लागतात. मिळालेला वेळ निम्माच धरा.

चौथी पायरी: माणूस-दिवसांचा हिशोब

समजा सचिवालयात चार तांत्रिक अधिकारी आहेत. सुट्ट्या वजा जाता प्रत्येकाचे २२० कामाचे दिवस, एकूण ८८०. सदस्यांचे फोन, पत्रव्यवहार, सरकारी कार्यालयातल्या फेऱ्या यांत निम्मे जातात, म्हणून ४४० उरले. एका बैठकीला विषयपत्रिका, टिपणं, जुळवाजुळव, प्रत्यक्ष बैठक, इतिवृत्त आणि पाठपुरावा धरून सहा माणूस-दिवस लागतात. आठ समित्या, प्रत्येकीच्या वर्षात सहा बैठका: ४८ गुणिले सहा म्हणजे २८८. राहिले १५२ दिवस. मानकांवर मतं, आकडेवारीचा अहवाल, प्रशिक्षण, प्रदर्शन, सगळं या १५२ दिवसांत.

हे आकडे तुमचे नाहीत, स्वतःचे काढा. पण मांडणी हीच ठेवा, आणि कोणी नवव्या समितीची सूचना आणली की तिची किंमत ३६ माणूस-दिवस आहे हे कागदावर दाखवा. त्या बदल्यात काय थांबवायचं एवढंच विचारा. दर महिन्याची बैठक दोन महिन्यांवर नेली म्हणून काम मंदावत नाही, हेही या हिशोबातून लोकांना पटतं. महिन्याच्या बैठकीत निम्मा वेळ मागच्या बैठकीनंतर काहीच का झालं नाही, हे सांगण्यात जातो.

पाचवी पायरी: समितीची कार्यकक्षा एका पानावर

"ऊर्जा कार्यक्षमतेविषयी सर्व बाबी पाहणे" ही कार्यकक्षा नव्हे. वर्षअखेरीला हातात काय असेल ते लिहा: मोटारींच्या कार्यक्षमतेच्या मसुदा मानकावर संघटनेचं निवेदन, सदस्यांसाठी चाचणी-प्रयोगशाळांची यादी, आणि एक प्रशिक्षण कार्यक्रम. तीन गोष्टी, तीन तारखा. चौथी सुचली तर आधीच्या तीनपैकी कोणती काढायची ते आधी ठरवा.

विशिष्ट कामासाठी नेमलेल्या उपसमितीला मुदत घाला. मुदत संपली की ती आपोआप विसर्जित, हवी असल्यास नव्याने ठराव. ही अट नसलेल्या उपसमित्या वर्षानुवर्षं कागदोपत्री जिवंत राहतात. नेमताना कोणाला वाईट वाटत नाही, बंद करताना निमंत्रकांचा मान आड येतो.

सदस्य निवडताना मोठ्या कंपन्यांची भाऊगर्दी टाळा. त्यांच्याकडे वेगळा नियमपालन विभाग असतो, पूर्णवेळ माणूस पाठवता येतो, आणि हळूहळू समितीचं मत म्हणजे त्यांचंच मत होऊन बसतं. लहान कारखान्याचा मालक शॉपफ्लोअर सोडून येऊ शकत नसेल, तर दृक्‌श्राव्य जोडणी द्या, बैठक दीड तासाची ठेवा आणि त्याचा विषय पहिला घ्या.

सहावी पायरी: विषयपत्रिका आणि इतिवृत्त

समितीचं काम चांगलं की वाईट, हे मी तिच्या विषयपत्रिकेवरून ओळखतो. ही नेहमीची ओळ:

"विषय क्र. ४: गंजरोधक लेपाच्या मानकाबाबत चर्चा."

आणि हीच ओळ कामाची करून:

"विषय क्र. ४: लेपाची किमान जाडी ८० मायक्रॉन सुचवावी की १००, हे ठरवणे. सोबत: चाचणी अहवाल, परिशिष्ट ब. मांडणार: लेप उपसमितीचे निमंत्रक. वेळ: २५ मिनिटे."

दुसरी ओळ वाचून आलेला माणूस आपल्या गुणवत्ता विभागाला विचारून येतो. पहिली वाचून आलेला तिथे बसून विचार करायला लागतो. टिपणं आठ दिवस आधी पाठवा आणि बैठकीत ती वाचून दाखवू नका. "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय" हे कलम ठेवावंच लागतं, पण त्यात फक्त माहितीचे विषय घ्यायचे, निर्णयाचे नाहीत, असा पायंडा पाडा. नको असलेले ठराव तिथूनच आत येतात, निम्मी माणसं उठून गेल्यावर.

इतिवृत्तातलं सर्वपरिचित वाक्य: "सविस्तर चर्चा झाली व योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले." कोण करणार, काय, कधीपर्यंत, यातलं काहीही त्यात नाही. त्याऐवजी निर्णयाची एक ओळ, कारणाची एक ओळ आणि "सदस्य-सचिव, २० ऑगस्टपर्यंत" अशी जबाबदारीची एक ओळ. कोण काय म्हणालं ते लिहायची गरज नाही, मात्र एखाद्याने आपला विरोध नोंदवायला सांगितला तर तो नावानिशी नोंदवलाच पाहिजे. इतिवृत्त तीन दिवसांत पाठवा. पंधरा दिवसांनी पाठवलं तर प्रत्येकाला वेगळी बैठक आठवत असते.

मानकाच्या मसुद्यावर मत देण्याचीही एक पद्धत आहे. आयएसओच्या तक्त्यात कलम क्रमांक, मताचा प्रकार (सर्वसाधारण, तांत्रिक की संपादकीय), मत आणि सुचवलेला बदल असे रकाने असतात. सुचवलेल्या बदलाचा रकाना रिकामा सोडलेलं मत वाया गेलं असं समजा. "ही मर्यादा फार कडक आहे" असं लिहून काही होत नाही. बदली शब्दरचना जशीच्या तशी लिहून द्यावी लागते, सोबत चाचणीचे आकडे.

सातवी पायरी: स्पर्धा कायद्याची लक्ष्मणरेषा

एकमेकांचे प्रतिस्पर्धी एका टेबलाभोवती बसतात, म्हणून उद्योग संघटनेवर स्पर्धा कायद्याची नजर असते. किंमत, सवलत, ग्राहकांची किंवा प्रदेशांची वाटणी, निविदेतली बोली, उत्पादन कपात, यांवर बैठकीत बोलायचं नाही. बैठकीच्या आधी नाही, नंतर नाही, समितीच्या व्हॉट्सअॅप गटावर तर अजिबात नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. फसगत होते ती निरुपद्रवी दिसणाऱ्या कामांत. दोन निकाल लक्षात ठेवा.

पहिला अमेरिकेतला. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी घसरली की इंधन बंद करणारं एक उपकरण हायड्रोलेव्हल नावाच्या कंपनीने बनवलं होतं. एएसएमई या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची बॉयलर संहिता तेव्हाही सर्वमान्य होती. त्या संहितेच्या उपसमितीवर प्रतिस्पर्धी कंपनीचा अधिकारी होता. १९७१ मध्ये त्याच्या कंपनीकडून संस्थेला खुलासा विचारणारं पत्र गेलं. ते पत्र घडवण्यात तो आणि उपसमितीचे अध्यक्ष दोघांचाही हात होता, आणि उत्तरही त्याच अध्यक्षांनी तयार केलं. हायड्रोलेव्हलचं उपकरण संहितेत बसत नाही असा अर्थ निघेल अशा बेताने ते उत्तर संस्थेच्या लेटरहेडवर बाहेर पडलं, आणि प्रतिस्पर्धी कंपनीच्या विक्रेत्यांनी ते ग्राहकांना दाखवलं. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संस्थेलाच जबाबदार धरलं. समितीवरचे लोक बिनपगारी होते, संस्थेला यातून काही मिळालं नव्हतं, तरी तिच्या नावाचं वजन वापरलं गेलं एवढं पुरेसं ठरलं. यातून नव्या सदस्य-सचिवाने घ्यायचा नियम सरळ आहे: खुलासा किंवा अर्थ लावणारं पत्र एका माणसाच्या मसुद्यावर बाहेर जाऊ द्यायचं नाही, आणि ज्याचा व्यापारी संबंध आहे त्याने ते सांगून बाजूला बसायचं.

दुसरा ब्रिटनमधला, आकडेवारी समितीसाठी. तिथल्या कृषी यंत्र उत्पादकांच्या संघटनेमार्फत ट्रॅक्टरच्या नोंदणीची माहिती कंपन्यांना मिळत असे. त्यात किमती नव्हत्या. पण बाजार मोजक्या कंपन्यांच्या हातात होता आणि माहिती इतकी बारीक, की कोणत्या छोट्या भागात कोणत्या प्रतिस्पर्ध्याचे किती ट्रॅक्टर खपले ते दिसायचं. युरोपीय आयोगाने १९९२ मध्ये ही देवघेव बेकायदा ठरवली आणि १९९८ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला.

म्हणून आकडे गोळा करायचं काम सचिवालयाच्या एका माणसाकडे किंवा बाहेरच्या संस्थेकडे द्या. एकेका कंपनीचे आकडे समितीतल्या कोणालाही, अध्यक्षांनाही, दिसता कामा नयेत. किमान पाच कंपन्यांची माहिती, एकाही कंपनीचा वाटा पाव हिश्शाहून जास्त नाही, आणि माहिती तीन महिन्यांहून जुनी, असे ठोकताळे अमेरिकेच्या आरोग्यसेवेविषयीच्या मार्गदर्शक सूचनांतून आले आणि इतर उद्योगांनीही उचलले. त्या सूचना तिथल्या सरकारने २०२३ मध्ये मागे घेतल्या. तेव्हा हे निकष पाळले म्हणजे कवच मिळालं असं समजू नका. पहिली चाळणी म्हणून ते अजूनही ठीक आहेत. शेवटचा शब्द तुमच्या देशातल्या वकिलाचा.

बैठकीत कोणी किमतीचा विषय काढलाच तर गप्प बसू नका, कारण गप्प बसलेला सहभागी धरला जाऊ शकतो. हरकत घ्या, ती इतिवृत्तात नोंदवायला सांगा, आणि विषय थांबला नाही तर उठून जा. उठून गेल्याची वेळही नोंदवली जाऊ द्या.

आठवी पायरी: मतभेद

मानकांच्या जगात सहमती म्हणजे एकमत नव्हे. महत्त्वाच्या मुद्द्यावर, महत्त्वाच्या गटाचा टिकून राहिलेला विरोध नसणं, एवढाच तिचा अर्थ धरतात, आणि ही व्याख्या समितीलाही चालते. कोणी एक जण शेवटपर्यंत नाराज राहिला तरी पुढे जाता येतं. लहान कारखान्यांचा अख्खा गट विरोधात असेल तर मात्र बहुमत असूनही थांबावं. सरकारपुढे दोन तोंडांनी बोलणारी संघटना कोणी गांभीर्याने घेत नाही. असा पेच सुटत नसेल तर निवेदनात दोन्ही मतं कारणांसह द्या. ते दुबळेपणाचं लक्षण नाही, अधिकाऱ्यांना उलट उपयोगी पडतं.

वर्षाच्या मध्यावर आणि शेवटी

सहा महिन्यांनी आराखडा पुन्हा उघडा. प्रत्येक कामापुढे "झालं", "चालू", "सोडलं" यांपैकी एक शब्द लिहा. "सोडलं" हा रकाना रिकामा असेल तर आढावा खरा झालेला नाही. अंदाजपत्रकातली मोकळी झालेली रक्कम आणि दिवस त्याच बैठकीत दुसऱ्या कामाला द्या.

वर्षअखेरीच्या अहवालात बैठकांची संख्या आणि उपस्थिती भरून पानं वाढवू नका. सदस्याला आपल्या वर्गणीतून काय झालं ते वाचायचं असतं: कोणत्या मसुद्यातलं कोणतं कलम आपल्या म्हणण्यामुळे बदललं, किती जणांना कशाचं प्रशिक्षण मिळालं, आणि काय जमलं नाही.

तुमची मुदत संपताना पुढच्या निमंत्रकासाठी एक फाईल ठेवा. त्यात कार्यकक्षेचं पान, वर्षभराचे ठराव एका यादीत, उघडे राहिलेले विषय आणि ते का अडले, मानक संस्थेतला आणि मंत्रालयातला संपर्क पदनामासह, आणि पुढच्या १८ महिन्यांच्या बाहेरच्या तारखा असाव्यात. सूत्रं देण्याच्या बैठकीला जुने आणि नवे दोघेही निमंत्रक हजर असतील असं बघा, आणि मधल्या काळात मत देण्याचा तो ठराव नव्या नावांनी त्याच दिवशी पुन्हा करून घ्या. जुन्या नावांवर त्याचा उपयोग होत नाही.